एकसष्ट नंबरचा दगड

उजाडल्यापासून वाघीणकाकूनं घर असं घासायला घेतलं होतं की भिंतींनी अंग चोरावं. दार घासलं, उंबरा घासला, कोंबड्यांचं खुराडं घासलं. आता ती बैलाच्या शिंगांकडं बघत होती.

"त्याला तरी सोड," मुकादम म्हणाला. मुकादम म्हणजे तिचा नवरा. जन्मात त्यानं कुणावर मुकादमी केली नव्हती, घरात तर नाहीच; म्हणूनच गावानं त्याला हे नाव ठेवलं होतं.

"दुपारी साहेब येणार. लेकीची चौकशी आहे, विसरलात? घरावरनंच माणसं कळतात."

लेक सैन्यात निवडली गेली होती. धावण्यात तिनं सगळ्यांना मागं टाकलं होतं. आता एकच कागद राहिला होता. साहेब घरी येणार, चार प्रश्न विचारणार आणि ‘कुटुंब देशनिष्ठ आहे’ असं लिहून सही करणार. सही नाही तर वर्दी नाही.

"विचारतात तरी काय गं?" मुकादमानं लेकीला विचारलं.

"देशासाठी काय केलं ते सांगा, म्हणतात."

मुकादम बराच वेळ डोकं खाजवत बसला. "मी एकदा भर उन्हात मत द्यायला गेलो होतो. छत्री तिथंच विसरलो. ती छत्री देशालाच गेली म्हणायची."

"तुम्ही साहेबासमोर तोंडच उघडू नका," काकू म्हणाली. "पहार घ्या आणि धुण्याचा दगड उलटा करा. खाली शेवाळ साठलंय."

"दगडाच्या पोटाखाली साहेब बघणार आहे?"

"साहेब नाही बघणार. मला माहीत आहे ना, खाली घाण आहे!"

पुढं बोलून उपयोग नव्हता. मुकादमानं पहार घातली, लेकीनं खांदा लावला. दगड कुशीवर वळला आणि धप्पकन उताणा पडला. चार गोगलगायी दचकल्या. काकूनं ब्रश मारला, पाणी ओतलं, आणि तिचा हात थांबला. दगडाच्या पोटावर सरकारी शिक्का कोरलेला होता. त्याखाली आकडा होता : एकसष्ट.

लेकीनं वाचलं आणि मटकन खाली बसली. "आई, हा देशाच्या हद्दीचा दगड आहे."

घर गावाच्या टोकाला होतं. मागं चढ, चढावर यांचं वरचं वावर, आणि त्या वावराच्या बांधापाशी देश संपत होता. बारा वर्षांपूर्वीच्या मोठ्या पावसात तिथली दरड खाली आली. बांधावरचा पांढरा दगड दिसेनासा झाला, तेव्हा मुकादमाला वाटलं, सरकारनं नेला असेल. सरकारी वस्तू सरकारनं नेली, आपण विचारणारे कोण? त्याच सुमाराला काकूला खालच्या चिखलात एक छान सपाट दगड सापडला होता. हद्दीवरचे पहारेकरी तर पायथ्याच्या चौकीत बसून दर महिन्याला ‘सर्व दगड जागेवर’ असं लिहीत होते.

"बारा वर्षं!" मुकादमाचा आवाज चिरकला. "बारा वर्षं माझी चड्डी देशाच्या हद्दीवर आपटलीस तू!"

"तुमची एकट्याची नाही. सगळ्यांचीच."

"उकिरड्यात गाडून टाकू. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"देशाचा दगड उकिरड्यात? आणि वर लेकीला म्हणायचं, जा, देश राख? जुनं दार काढा बाहेर. बैल जोडा."

जुन्या दारावर दगड बांधला आणि दाराला बैल जुंपला. बैल निम्म्या चढावर थांबे, मागं वळून बघे आणि मुकादमापेक्षा मोठा उसासा टाके. मायलेकी पुढून दोर ओढत होत्या, मुकादम मागून रेटत होता. दार घसरलं की मुकादम दारासकट खाली जायचा आणि पुन्हा चढायचा. तिसऱ्यांदा घसरला तेव्हा काकूला हसू फुटलं. मग लेकीला फुटलं. पोट धरून हसता हसता दोघींच्या हातातला दोर सुटला आणि मुकादम चौथ्यांदा खाली गेला.

"इकडं घर बुडतंय आणि तुम्हाला दात काढायला सुचतंय!" तो खालून ओरडला.

वर बांधापाशी पलीकडचा उभा होता. तो दुसऱ्या देशाचा. त्याचं वावर बांधाला लागून. भाषा दोन्हीकडं एकच, त्यामुळं भांडायची चांगली सोय होती. खुरपं त्याचं इकडं यायचं, विळा यांचा तिकडं जायचा.

"काय वहिनी, देश घेऊन कुठं निघालात?"

"जागेवर ठेवायला, भाऊजी. चुकून धुण्याला वापरला."

पलीकडचा इतका हसला की त्याचं मुंडासं सुटलं. मग डोळे पुसत म्हणाला, "आता आणलाच आहे तर दोन हात माझ्याकडं सरकवून लावा. ती काटेरी झुडपं तुम्ही घ्या. माझी शेळी रोज अडकते त्यात."

मुकादमाचे डोळे चमकले. "अगं, स्वतःहून देतोय! साहेबाला सांगू, आम्ही देश दोन हात वाढवला. दुसऱ्या कुणी केलंय का एवढं?"

"देश म्हणजे काय लेकीचा झगा आहे, शिवण उसवून खाली सोडायला? जिथं होता तिथंच बसेल."

ती पहार घेऊन बांधावर ठोकत निघाली. ठण्ण. ठण्ण. ठण्ण. एका जागी धप्प आवाज आला. माती उकरली तर खाली चुन्याची खपली आणि दगडाच्या मापाचा खड्डा. चौघांनी मिळून दगड उभा केला. नेमक्या त्याच वेळी मागून आवाज आला.

"काय चाललंय इथं?"

साहेब! काखेत फाइल, बुटांना माती. घरी कुणी नव्हतं, म्हणून दार घासत गेलेल्या खुणांवरनं तो चढून आला होता. समोर देशाच्या हद्दीचा दगड, पहार, बैल आणि एक परदेशी माणूस.

"झाडलोट करतोय, साहेब," मुकादम म्हणाला.

"पहारीनं?"

काकूनं पदराला हात पुसले. "साहेब, बारा वर्षं हा दगड माझ्या दारात होता. मी यावर धुणं धुतलं. आज सकाळी कळलं, म्हणून परत आणला. शिक्षा द्यायची तर मला द्या. पोरीला यातलं काही ठाऊक नव्हतं."

"पालथाच ठेवला असता तर मला कळलंही नसतं," साहेब म्हणाला.

"तुम्हाला नसतं कळलं. मला कळलं होतं ना."

साहेबानं फाइल उघडली. "देशनिष्ठेला एक साक्षीदार लागतो. गावातलं कोण आहे?"

"मी सांगतो," पलीकडचा पुढं झाला.

"तुम्ही? तुम्ही आमच्या देशाचे नाही!"

"म्हणून तर खरं सांगतो. बारा वर्षं इथं दगड नव्हता. यांचा नांगर माझ्यात आला नाही, माझा यांच्यात गेला नाही. आत्ता मी दोन हात फुकट देत होतो. ही बाई घेईना. माझ्या शेळीच्या जिवावर उठलीय, एवढीच माझी तक्रार."

साहेबानं तोंडावर फाइल धरली. फाइल हलत होती. मागून खुसखुस ऐकू आली, मग खोखो, आणि शेवटी साहेब त्या एकसष्ट नंबरच्या दगडाला धरून खाली बसला. चिखलात. सगळी विजार माखली.

"काढा ती," काकू म्हणाली. "यांचं धोतर देते तोवर. धुऊन देते."

"कशावर धुणार?" मुकादमानं विचारलं, आणि सगळे पुन्हा हसायला लागले.

सही झाली. लेक गेली. सहा महिन्यांनी पहिल्या सुट्टीवर आली ती वर्दी घालून, आणि दारात पाऊल ठेवताच आईनं ती उतरवायला लावली. मळली होती.

धुण्याच्या जागी आता नवा सपाट दगड होता. पलीकडच्यानं आपल्या वावरातून काढून, त्याच जुन्या दारावर बांधून खाली सोडला होता. काकूनं आधी तो उलटा करून पोट नीट तपासलं होतं. शिक्का नाही, आकडा नाही. मग वर्दी भिजवली, साबण लावला आणि परक्या देशाच्या दगडावर आपल्या देशाची वर्दी अशी आपटली की वर बांधापर्यंत आवाज गेला.

"हळू, वहिनी!" वरनं हाक आली. "दगड आमचा आहे!"

"मळ आमचा आहे!" काकू ओरडली आणि आणखी जोरात आपटायला लागली.