श्वासापुरती नळी

मी एक जुना आड आहे, मित्रांनो, जपानातल्या डोंगराखालच्या एका गावातला. नुसता आड म्हणू नका. माझ्या पोटात देव राहतो. आमच्याकडे डोंगरात, झाडात, चुलीत, पाण्यात, सगळीकडे देव असतात. देव कुठे संपतो आणि मी कुठे सुरू होतो, हे मलाही ठाऊक नाही, आणि त्यावाचून माझे काही अडलेले नाही.

मला कुमाझोने खणले. त्याचा टोफूचा, म्हणजे सोयाबीनच्या पनीरचा, धंदा माझ्याच पाण्यावर चालला. लोक टोफूची स्तुती करत, तेव्हा तो माझ्याकडे बोट दाखवी. मी फुगून जाई, खोटे कशाला बोलू? नव्या वर्षाला माझ्या काठाला गवताची पवित्र दोरी बांधत. मग घरात नळ आला. माझ्या तोंडावर पत्रा पडला, दोरीही बंद झाली. वाईट वाटले. पण पाणी मी आटू दिले नाही.

पुढे कुमाझोच्या नातवाने, शूहेईने, गाडी ठेवायला मला बुजवायचे ठरवले. ठेकेदार गोंदा खडीचा ट्रक घेऊन आला. खडीला मी भीत नाही. पण आमच्याकडे आड बुजवताना आत तळापासून वरपर्यंत एक नळी उभी करतात, देवाला श्वास घेता यावा म्हणून. ती नळी कुठेच दिसेना. तेव्हा मात्र मी हादरलो.

इतक्यात शूहेईची बायको चिझुरू धावत आली आणि थेट माझ्या काठावर बसली.

"वहिनी, उठा. ट्रक खोळंबलाय."

"नळी कुठंय, गोंदाभाऊ?"

"अहो, हल्ली कोण घालतं!"

"मग ओता खडी. माझ्या डोक्यावर ओता."

शूहेई हसला. "अगं, देव काय गुदमरणार आहे?"

"तू एक रात्र नाक दाबून झोप बघू. मग बोल."

गोंदा खो खो हसला आणि ट्रकमधून प्लास्टिकचा पाइप काढून म्हणाला, "बांबू नाही हं. देवाला चालेल ना?"

आण बाबा, कसलाही आण!

चिझुरूने मीठ, तांदूळ वाहिले. "इतकी वर्षं पाणी पाजलंत, उपकार आहेत तुमचे," म्हणाली आणि रडली. मग खडी पडली.

आता वर गाडी असते. गाडीच्या कडेला नळी वीतभर बाहेर दिसते. परवा शूहेई गाडीतून उतरला, कुणी बघत नाही ना ते पाहिले, वाकून नळीत अडकलेले पान काढले आणि हळूच म्हणाला, "माफ करा हं. घेताय ना नीट श्वास?"

मित्रांनो, जुनी वस्तू नकोशी झाली तर तिला खुशाल निरोप द्या. पण आभार मानून द्या, तिचा श्वास कोंडू नका.

आणि शूहेई, घेतोय रे बाबा. अगदी नीट घेतोय.