न्हाणीतला तांब्या

मित्रांनो, मी एक जुना पितळी तांब्या आहे. तांबटाच्या हातोडीचे ठोके खाऊन घडलो आणि विजयमालाच्या रुखवतात मिरवत कुंडलला आलो. बाहेरून आलेल्याच्या हातापायांवर पाणी घालायचं, एवढंच माझं काम.

विजयमालाची मुलगी शिवांजली सातवीत गेली तेव्हा ते काम वाढलं. नळाला लागला की हात पुन्हा विटाळतो, असं तिच्या मनानं घेतलं. म्हणून आईनं ओतायचं आणि तिनं धुवायचं, पुन्हा पुन्हा. हात सोलवटले, शाळा बुडू लागली. आजी साळूबाई मात्र शेजारणींना कौतुकानं सांगे, "नात लय सोवळ्याची हाय." मलाही आपण पुण्य करतोय असंच वाटे.

सांगलीचे डॉक्टर म्हणाले, हे सोवळं नव्हे, आजार आहे. शिवांजलीवर उपचार सुरू झाले. विजयमालाला त्यांनी ओतणं हळूहळू कमी करायला सांगितलं आणि अशा मुलांच्या आईवडिलांच्या बैठकीला दर महिन्याला येत राहायला सांगितलं. मुलगी सुधारली. मग ऊसतोड आली आणि विजयमालाची बैठक सुटली. पोर बरी झाल्यावर कशाला जायचं, असं घरात सगळ्यांचंच मत पडलं.

परीक्षा जवळ आली तशी शिवांजली पुन्हा न्हाणीच्या दारात रडत उभी राहिली. "एकदाच घाल गं आई." विजयमालानं मला उचललं. ते एकदाच राहिलं नाही. नंतर ती तिथंच बसून रडली. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी बैठकीतल्या राणीताईंचा औंधहून फोन आला. बऱ्याच दिवसांत दिसला नाहीत, म्हणून केला होता. विजयमालानं फोन स्पीकरवर टाकला आणि म्हणाली, "मी परत वतलं, ताई. आता कुठल्या तोंडानं येऊ?"

"आवं, माजं बी तसंच झालं. म्हणून तर अजून जातीया. रविवारी या. तवर तांब्या उचलावा वाटला, की आदी मला फोन करा."

संध्याकाळी शिवांजली दारात आली. विजयमालानं मला उचललं, मग खाली ठेवून फोन लावला. शिवांजली रडली, चिडली, आईशी अबोला धरला. शेवटी ताटावर बसली आणि एकदाच धुतलेल्या हातानं तिनं भाकरी मोडली.

विजयमाला आता बैठक चुकवत नाही. मी कोनाड्यात काळा पडत चाललोय. मित्रांनो, मला घासू नका. पण अशी एखादी आई बरेच दिवस दिसली नाही, तर तिला फोन तेवढा करा.