माशाचं तेल प्यालेला बूट

मी फौजी बूट बोलतोय, उजव्या पायातला. तळाला तेरा खिळे आणि टाचेला लोखंडी नाल असलेल्यानं घाबरट असू नये, हे मलाही कळतं. पण टाच आपटायचा हुकूम सुटला की सगळ्यांत आधी दचकायचो तो मीच. आणि तो हुकूम दिवसातून दोनशे वेळा तरी सुटायचा.

माझा जन्म कानपूरकडचा. तिथून गोणीत भरून मला आणि माझ्या डाव्या भावाला बेळगावला, पलटणीच्या गोदामात आणून टाकलं. तीन महिने अंधारात पडून होतो. खरं सांगू? तेच माझे सुखाचे दिवस. कुणी ओरडत नव्हतं.

एकसष्ट साली भिकाजी आला. मालवणजवळच्या तोंडवलीचा, किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढणाऱ्यांच्या घरातला. अठरा वर्षं वाळूत अनवाणी चालून त्याचा पाय वल्ह्यासारखा पसरला होता. बोटं तर एकमेकांशी भांडून दूर बसल्यासारखी. असा पाय माझ्यात शिरला तेव्हा आम्ही दोघंही एकदमच कण्हलो.

तिसऱ्या दिवशी फोड आले. भिकाजी कुर्लीसारखा तिरका चालू लागला. 'दाहिने मुड' झालं की पलटण वळायची, मग भिकाजी वळायचा आणि सर्वांत शेवटी मी. पलटणीच्या डॉक्टरांनी पाय बघून सांगून टाकलं, की तीन आठवड्यांनी दहा मैलांची चाल आहे. तोवर बुटात पाय बसला नाही तर नाव कमी, पोरगा घरी.

शेजारच्या खाटेवर आंबोलीचा लवू होता. त्याला मस्करीशिवाय अन्न पचत नसे. बरं झालं म्हणाला, घरी जाऊन ताजे बांगडे तरी खाशील. भिकाजी हसला नाही. निघताना आईनं, काशीबाईनं, ग्रामदेवतेला कौल लावला होता. देवीच्या अंगावर चिकटवलेली पाकळी उजवीकडची पडली, म्हणजे जा. साऱ्या वाडीसमोर पडली.

"माका घराक धाडल्यानी तर चलात रे," भिकाजी म्हणाला. "पण देवीचो कौल खोटो पडतलो, तेचा काय करू?"

लवूनं पांघरूण डोक्यावर ओढलं. मी मात्र जागाच. एका देवीची अब्रू आपल्या तळाखाली आहे, हे ऐकून कुठल्या बुटाला झोप येईल?

भिकाजीनं घरी पत्र टाकलं, की बूट चावतो. आठ दिवसांत मालवणहून बेळगावला येणाऱ्या कुणा गाववाल्याबरोबर, आंबोली घाट चढून, एक बाटली आली. काशीबाईचा निरोप असा, की नवं लाकूड आणि नवं कातडं, दोघंही हट्टी. तेल पाजल्याशिवाय वळणावर यायची नाहीत. बाटलीत माशाचं तेल होतं. होडी पाण्यात लोटण्याआधी फळ्यांना चोळतात ते.

भिकाजीनं मला किनाऱ्यावरच्या होडीसारखं पालथं घातलं आणि चोळलं. आतून, बाहेरून, शिवणीशिवणीत. सलग तीन दुपारी. सांगायला लाज वाटते, पण मला फार बरं वाटलं. इतक्या मायेनं मला कुणी हात लावला नव्हता.

चौथ्या दिवशी बराकीच्या दारात लंगरखान्याची, म्हणजे पलटणीच्या स्वयंपाकघराची, पाच मांजरं बसलेली. लवू म्हणाला, "आजपासून मांजरां तुका सलाम करतली."

त्याच दिवशी तपासणी. बुटाच्या टोकात साहेबांना आपल्या मिशा दिसल्या पाहिजेत, असा तिथला दंडक. भिकाजी पहाटेपासून पॉलिश घासत होता. ते तेलावरून घसरून त्याच्याच बोटांना लागत होतं. माझ्यात मिशा सोडाच, सूर्यही दिसेना.

कवायत शिकवणारे हवालदार साताऱ्याकडचे. पोरं त्यांना उस्ताद म्हणत. उस्ताद दोन पावलं लांबच थांबले. "काय रं, मासळीबाजार भरवलायस व्हय?"

भिकाजीनं खरं ते सांगितलं. आईचं नाव मात्र घेतलं नाही. "आमी होडयेक असाच करतो, उस्ताद."

"आन् ही होडी हाय?"

"पाण्यात नाय जावची. पण चिखलात जातलीच मां."

सगळी रांग फिसकन हसली. त्या हसण्याची शिक्षा भिकाजीला मिळाली: आम्हां दोघांना गळ्यात बांधून मैदानाला पाच फेऱ्या.

चालीच्या दिवशी पाऊस होता. पण चौथ्या मैलाला लक्षात आलं, की माझं कातडं सैल पडलंय आणि भिकाजीची बोटं आत ऐसपैस बसलीत. सातव्या मैलाला माझ्यात एक खडा शिरला. त्याला दुखत होतं, मला कळत होतं. त्यानं तोंडातून शब्द काढला नाही. पोचला तेव्हा शेवटून तिसरा होता, पण स्वतःच्या पायांनी पोचला.

डॉक्टरांनी मला उतरवून पाय उलटसुलट पाहिला, ठीक आहे म्हणाले, आणि दोनदा हात धुतले.

उस्तादांनी मला नाडीला धरून उचललं. "पाय पास," ते म्हणाले. "बूट नापास."

नाव कमी झालं ते माझं. संध्याकाळपर्यंत भिकाजीला दुसरी जोडी मिळालीसुद्धा. टाकाऊ ढिगाकडे बघत तो उभाच राहिला, आणि त्यानं आम्हाला कुठं पाठवणार असं पहिल्यांदाच आपणहून उस्तादांना विचारलं. उस्ताद म्हणाले, ढीग फेकायचा आहे. त्यातलं कोण काय उचलतो ते बघायला आपल्याला वेळ नाही. आणि पाठ फिरवून बराच वेळ आभाळाकडे बघत राहिले.

असे आम्ही भावंडं भिकाजीच्या सामानातून पहिल्या रजेत तोंडवलीला आलो. आता पासष्ट साल आहे, सीमेवर लढाई पेटलीय. भिकाजीची पत्रं येतात, त्यांत तो कुठं आहे त्या गावाचं नाव नसतं. काशीबाई पडवीत आमच्यावरची वाळू झटकते आणि मला हळूच विचारते, "बरो आसा मां रे तो?"

म्हणून, आज त्याच्या उजव्या पायात असलेल्या बुटा, तुला मी कधी पाहिलं नाही, पण ऐक. तुझ्यात खडा शिरला तर तो सांगणार नाही. तसाच चालत राहील. तेव्हा तूच जरा सैल हो, बाबा.