नकाशातली कोरी जागा

मित्रांनो, मी एक जुनं भिंग आहे. जाड काच, पितळेचं कडं आणि शिसवीची मूठ. मूठ एकदा तुटली होती, ती तारेनं बांधलेली आहे. माझ्यातून पाहिलंत तर मुंगीच्या पायांवरची लवसुद्धा तुम्हाला दिसेल. मला मात्र चार बोटांपलीकडचं काही नीट दिसत नाही. लांबचं सगळं जग माझ्यात धूसर आणि उलटं उतरतं. म्हणून मी जे सांगणार आहे, त्यातलं बरंचसं पाहिलेलं नाही, ऐकलेलं आहे.

माझी काच कुणी घासली ते मला ठाऊक नाही. हैदराबादच्या एका चष्म्यांच्या दुकानात मी बरेच दिवस पडून होतो. तिथून नरसिंगरावांनी मला विकत घेतलं. आदिलाबादच्या जमीन मोजणीच्या कचेरीत ते नुकतेच लागले होते. पुढची चौतीस वर्षं मी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात राहिलो. बेज्जूरच्या जंगलापासून तामसीच्या कापसाच्या वावरांपर्यंत सगळा मुलूख मी कागदावर पाहिला आहे. निजामाच्या काळातले नकाशे वाळवीनं खाल्लेले असत आणि त्यांतल्या रेघा केसाहून बारीक असत. नरसिंगराव मला त्यांवरून इतक्या हळू फिरवत, की समोर बसलेले शेतकरी श्वास रोखून पाहत राहत. लोक त्यांना ‘सर्वेयर गारू’, म्हणजे तेलुगूत ‘सर्वेयरसाहेब’, म्हणत.

कोणत्याही जमिनीची ओळख ते चतुःसीमेनं करून घेत. पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण, दक्षिणेला नाला की रस्ता, उत्तरेला कोणाची हद्द. या चार बाजू पक्क्या कळल्या, की ती जमीन त्यांना कळली. त्यांनी घातलेली हद्द कधी कोणी पुन्हा मोजायला लावली नाही. याचा त्यांना अभिमान होता. खरं सांगायचं तर मलाही होता.

मग मोजणीची यंत्रं आली, नकाशे पडद्यावर गेले आणि नरसिंगराव निवृत्त झाले. मी एका पत्र्याच्या डबीत गेलो आणि डबी कपाटाच्या खणात गेली. वर्षातून एकदोनदा औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर वाचायला मला बाहेर काढत. पुढे अशा बाटल्या घरात फार झाल्या. नरसिंगरावांच्या पत्नी वनमालाबाई आजारी पडल्या होत्या.

वनमालाबाई तामसीच्या शाळेत शिक्षिका होत्या. अठ्ठावीस वर्षं त्या आदिलाबादहून रोज बसनं गेल्या आणि आल्या, आणि त्यातली बरीच वर्षं हातात लिंबू धरून गेल्या. त्यांना बस लागायची. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या बरोबर मध्ये असलेली खिडकीची जागा मिळाली तर त्रास कमी होई. कंडक्टरला ते माहीत होतं, तो ती जागा धरून ठेवी. चौथीच्या मुलांना त्यांनी समुद्र शिकवला, पण स्वतः कधी पाहिला नाही.

हैदराबादच्या डॉक्टरांनी पहिल्या उपचारांनंतर दोन महिन्यांची विश्रांती दिली. पुढचे उपचार जड जाणार होते. त्याआधी कुठे जावंसं वाटत असेल तर जाऊन या, पण अंगातली ताकद जाऊ देऊ नका, नीट जेवण आणि नीट झोप हवी, असं त्यांनी बजावलं. नरसिंगरावांची मुलगी अश्लेषा हैदराबादला नोकरी करते. तिनं आईला विचारलं, तेव्हा वनमालाबाई म्हणाल्या की समुद्र पाहायचा आहे, पण काठावरून नाही. जिच्या चारी हद्दींना पाणीच आहे अशा जागी उभं राहायचं आहे.

तेव्हा तीन रात्रींच्या जहाजाच्या सफरीचं ठरलं आणि अश्लेषा जहाजाचे नकाशे छापून घेऊन आली. प्रत्येक मजल्याचा एक कागद, त्यावर शेंगदाण्याएवढ्या केबिनी आणि त्यांत तिळाएवढे आकडे. केबिन आपणच निवडायची होती. नरसिंगरावांनी कपाटाचा खण उघडला. इतक्या वर्षांनी माझ्याखाली पुन्हा नकाशा आला.

अश्लेषाला सगळ्यात वरच्या मजल्यावरची बाल्कनीची केबिन हवी होती. आईनं आयुष्यात एकदा जायचं, तर झोकात जावं, असं तिला वाटे. नरसिंगरावांनी मान हलवली.

“झाड हालते तं शेंडा हालते, बुड नाही हालत,” ते म्हणाले. “तुह्या मायले शेंड्यावर नेऊन बसवतं का?”

त्यांनी कागदाची घडी घालून जहाजाचा मध्य काढला. बसमध्ये चाकांच्या मधली जागा असते तशी जहाजातली जागा त्यांना हवी होती. पुढच्या टोकाला लाटा आदळतात आणि नांगराची साखळी वाजते, मागच्या टोकाला यंत्राची थरथर असते, म्हणून दोन्ही टोकं त्यांनी पेन्सिलीनं खोडली. खालच्या मजल्यावर, अगदी मध्यावर, त्यांनी आधी बिनखिडकीची केबिन काढली होती. त्यावर अश्लेषा चिडली. आई समुद्र पाहायला चालली आहे की तळघरात झोपायला, असं तिनं विचारलं. त्यांनाही ते पटलं. बसमध्ये खिडकीबाहेर पाहिलं की वनमालाबाईंचा जीव थाऱ्यावर येई, हे ते विसरले नव्हते. मग चौथ्या मजल्यावरच्या, खिडकीच्या, मधल्या केबिनी उरल्या. तिथे चतुःसीमा सुरू झाली. एकीला लिफ्टचा शेजार होता, दुसरीला शेजारच्या केबिनीत उघडणारं दार होतं, म्हणजे बोलणं ऐकू येणार. आठ दिवस मी त्या एका कागदावर फिरत होतो. माझ्या आयुष्यातले ते फार चांगले दिवस होते. शेवटी त्यांनी एका केबिनीभोवती लाल पेन्सिलीनं चौकोन काढला.

वनमालाबाई पलीकडे मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, “आन् वर कोण हाये?”

नरसिंगराव थांबले. इतकी वर्षं जमिनी मोजल्या, पण वर कोण, असं त्यांना कोणी विचारलं नव्हतं. जमिनीच्या वर आभाळ असतं. त्यांनी पाचव्या मजल्याचा कागद शोधला, तो चौथ्यावर ठेवला आणि दोन्ही खिडकीच्या उजेडात धरले. मी वरच्या कागदावर टेकलो. त्या केबिनीच्या बरोबर वर एक मोठी कोरी जागा होती. तिला आकडा नव्हता, नाव नव्हतं, दाराची खूणही नव्हती.

“वर कोणीच नाही,” ते समाधानानं म्हणाले. “पडीक हाये.”

मित्रांनो, ही चूक दुसऱ्या कोणाकडून झाली नसती. त्यांच्या सगळ्या नकाशांत कोरी जागा म्हणजे पडीक किंवा सरकारी, तिथे कोणी राहत नाही. मीही ती जागा पाहिली होती आणि मलाही तसंच वाटलं. जे कागदावर आहे तेच मी मोठं करू शकतो. जे लिहिलेलंच नाही, ते माझ्या काचेत कितीही वेळ धरलं तरी दिसत नाही.

केबिन ठरली. निघायला सहा दिवस असताना अश्लेषाचा फोन आला. तिनं सहज चौकशी केली होती. जहाजाच्या नकाशात प्रवाशांनी जायच्या जागाच दाखवतात, नोकरांच्या जागा कोऱ्या सोडतात. आपल्या केबिनीवर जहाजाचं मोठं स्वयंपाकघर आहे. पहाटेपासून तिथे गाडे फिरतात, भांडी पडतात. बदलून मिळेल, पण त्या मजल्यावर आता एकच केबिन शिल्लक आहे आणि ती पुढच्या टोकाला आहे.

नरसिंगरावांनी फोन ठेवला आणि ते खुर्चीत बसून राहिले. औषधांमुळे वनमालाबाईंची झोप काचेसारखी झाली होती, चमचा पडला तरी तडकायची. या केबिनीत झोप जाणार, पुढच्या टोकाला जेवण पोटात ठरणार नाही. तीन दिवसांत बाई थकली तर पुढचे उपचार कसे सोसणार? त्यांनी नकाशांची गुंडाळी केली. संध्याकाळी फोनवर ते अश्लेषाला म्हणाले की सफर रद्द कर, माझ्या हातून मोजणी चुकली. ती रडवेली झाली. मग पुढच्या टोकाची केबिन घ्यावी की हीच ठेवावी, गोळ्या देता येतील का, कानात कापूस चालेल का, असं दोघं बराच वेळ बोलत राहिले.

वनमालाबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी फोन मागून घेतला नाही. नवऱ्याकडे पाहूनच बोलल्या.

“काहो, सगळ्याईनं सगळं ठरवलं. मले इचारलं का कोणी?”

नरसिंगरावांनी फोन कानावरून खाली घेतला.

“अठ्ठावीस वर्षं चार वाजता उठून मी भांडे वाजवले आन् तुमी झोपून राह्यले. आता तीन दिवस दुसऱ्यानं वाजवू द्या. मी पडल्या पडल्या आयकीन.” मग त्या म्हणाल्या, “रद्द नका करू. पुढच्या वेळी नाही जमायचं मले.”

केबिन तीच राहिली.

मीही गेलो, नेहमीच्या खिशात. पहिल्या पहाटे डोक्यावर गाडे फिरू लागले. नरसिंगराव टक्क जागे होते. वनमालाबाईंनी डोळे न उघडताच सांगितलं की आता कणीक मळून राह्यले असतील. जरा वेळानं काहीतरी जोरात आदळलं. “तवा हाये. येवढा मोठा कोण उचलत असन?” असं पुटपुटून त्या कुशीवर वळल्या आणि पुन्हा झोपल्या. उजाडल्यावरही झोपलेल्याच होत्या. नरसिंगराव त्यांच्याकडे बघत बसून राहिले. सवयीनं मला काढायला ते खिशाशी हात नेत, आणि मोजण्यासारखं काही नाही हे कळून परत घेत.

दुसऱ्या दिवशी समुद्र थोडा उसळला. वरच्या मजल्यांवरचे लोक आडवे पडले, असं चहा देणारा सांगत होता. मधल्या खालच्या केबिनीत पाण्याचा पेलाही सांडला नाही. वनमालाबाईंनी दोन इडल्या खाल्ल्या आणि तिसरी मागितली. नरसिंगरावांची मोजणी अर्धी चुकली होती आणि अर्धी बरोबर आली होती.

दुपारी वारा पडल्यावर ते दोघं वर गेले. जमीन कुठेच नव्हती. वनमालाबाई कठड्याला धरून सावकाश एक पूर्ण गोल फिरल्या.

“वाटोळं हाये,” त्या म्हणाल्या. “पुस्तकात खरं लिवलं व्हतं.”

कठड्यावर पांढरट काहीतरी वाळलं होतं. त्यांनी बोट लावून जिभेवर ठेवलं. मग नवऱ्याच्या खिशातून मला काढलं. इतकी वर्षं एका घरात राहून त्यांनी मला पहिल्यांदाच हातात धरलं होतं. माझ्याखाली मिठाचे खडे आले, लहान लहान, चौकोनी, कोणी मोजून आखल्यासारखे. त्या फार वेळ पाहत राहिल्या. चौतीस वर्षांच्या मोजणीत माझ्यातून इतकं निवांत कोणी पाहिलं नव्हतं. मला कोणाची हद्द शोधायची नव्हती.

परत आल्यावर पुढचे उपचार सुरू झाले. माघात वनमालाबाई गेल्या.

मी डबीत गेलो. समुद्रावरची ओल धरून माझ्या काचेच्या कडेला बुरशीची जाळी आली. डबी कोणी उघडत नव्हतं, आणि मीही कोणी उघडावी अशी वाट पाहिली नाही.

चैत्रात अश्लेषा आली. तिनं मला बाहेर काढलं, तोंडाची वाफ देऊन पुसलं आणि टेबलावर एक कागद पसरला. हैदराबादच्या तिच्या नव्या घराचा तो नकाशा होता. वडिलांना आता एकटं ठेवायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. ती मला फिरवत एकेक दाखवू लागली. ही खोली पूर्वेची आहे, सकाळी ऊन येतं. न्हाणीघर जवळ आहे. लिफ्ट लांब आहे, आवाज येणार नाही. वर गच्ची आहे. तिनं स्वतः जिना चढून पाहिली होती, कागदावर विश्वास ठेवला नव्हता. नरसिंगराव ऐकत होते. ते हो म्हणत नव्हते आणि नाहीही म्हणत नव्हते.

बोलता बोलता अश्लेषा थांबली. तिचा हात थांबला म्हणून मीही थांबलो. मग तिनं मला बाजूला ठेवलं.

“बाबा, मी सगळं ठरवूनच आले,” ती म्हणाली. “तुम्हाला कुठं राहायचंय, ते विचारलंच नाही.”

नरसिंगराव खिडकीकडे तोंड करून बसले होते. त्यांनी बऱ्याच वेळानं उत्तर दिलं.

“आता नको इचारू, पोरी. आता मी जे बी सांगीन ते खरं नसन. उन्हाळा जाऊ दे. मंग इचार.”

तिनं नकाशाची घडी घातली. “विचारीन,” एवढंच ती म्हणाली, आणि चहा ठेवायला आत गेली.

मित्रांनो, उन्हाळा अजून सरलेला नाही. तुमच्याही घरात माझ्यासारखं एखादं भिंग असेल. त्याला ओलीत ठेवू नका, वापरून झालं की मऊ कापडानं पुसा, आणि उन्हात विसरू नका, नाहीतर खालचा कागद जळेल. पण कुणासाठी जागा निवडायची वेळ आली, तर आम्हाला लगेच हातात घेऊ नका. आधी त्या माणसाजवळ बसा. त्याला विचारा, आणि उत्तर यायला जेवढा वेळ लागेल तेवढा त्याला द्या. तोवर डबीत थांबायला आमची ना नाही.