शाखा बोलतेय

दोन रात्री गाडीत काढल्यावर माणसाला शहर नको असतं, आडवं व्हायला एक बाक पुरतो. भावाचं आजारपण काढून मी परत निघाले होते. पुढची गाडी पावणेचारला, म्हणजे हाताशी साडेचार तास. भाच्याने फोनवर बजावलं होतं, एवढं मोठं शहर आहे, वेळ वाया घालवू नकोस, तो मनोरा बघ, ते संग्रहालय बघ. त्याचं काय जातंय सांगायला? त्याचे गुडघे तिशीतले आहेत.

मला इथे एकच काम होतं. मुख्यालयाला जाब विचारायचा होता.

मुख्यालय म्हणजे एक बाई. माल पोचवणाऱ्या एका कंपनीत मी लहान गावच्या शाखेत होते, ती इथल्या मुख्य कचेरीत. बावीस वर्षं रोज संध्याकाळी पाचला मी तिला फोनवर दिवसभराच्या पार्सलांचे नंबर वाचून दाखवायचे आणि ती उतरवून घ्यायची. "शाखा बोलतेय," मी म्हणायचे. "बोला शाखा," ती म्हणायची. तिचा साहेब पाठीमागेच बसायचा आणि त्याला बायकांची बडबड खपायची नाही. तो जागेवर असला की ती तोंडातून शब्द काढायची नाही, पेन्सिलीने रिसीव्हरवर टकटक करायची. दोनदा म्हणजे लिहिलं, पुढे. एकदा म्हणजे पुन्हा सांगा. तो उठून गेला की यादी बाजूला आणि आमच्या सासवा, पोरं, पाठदुखी सुरू.

आम्ही एकमेकींना कधी पाहिलं नव्हतं. निवृत्त झाल्यावरही पाचचा फोन चालूच राहिला. सव्वा वर्षापूर्वी तो अचानक बंद पडला. मी केला की सून उचलायची. आई झोपल्यात, आई बाहेर गेल्यात. दहा-बारा वेळा ऐकून घेतलं, मग मीही नाद सोडला. पण राग काही गेला नाही. माझं एवढं काय चुकलं, ते मला तिच्या तोंडून ऐकायचं होतं.

सामान स्टेशनवर ठेवलं आणि पत्त्याचा कागद टॅक्सीवाल्याच्या हातात दिला. तिसरा मजला, लिफ्ट बंद. जिन्यागणिक माझं भाषण तिखट होत गेलं.

दार एका बारक्या बाईने उघडलं. गळ्याला रुमाल बांधलेला. भारदस्त आवाजावरून मी आडव्या अंगाची बाई धरून चालले होते, म्हणून विचारलं, "मुख्यालय आहेत का घरात?"

तिने दाराची कड घट्ट धरली आणि तिचे डोळे भरून आले, तेव्हा ओळखलं. मग मी उंबऱ्यावरच तोंड सोडलं. बावीस वर्षांचं हेच का, एक फोन जड झाला का, शाखा काय तुमच्या दारात मागायला येणार होती का. ती गप्प. काय हा ताठा, असं वाटून मी आणखी पेटले.

"निदान तोंडाने काही बोला तरी," मी म्हटलं.

तिने रुमाल सोडला. गळ्याच्या मधोमध एक भोक होतं. ऑपरेशनचं. तिने त्याच्याकडे बोट दाखवलं, मग ओठांकडे, आणि मान हलवली.

मला माझीच इतकी लाज वाटली की मी तिथेच पायरीवर बसले. तिनेच मला दंडाला धरून आत नेलं, पलंगावर बसवलं, पाणी दिलं. सून कामावर गेली होती. ती वही घेऊन बराच वेळ काहीतरी लिहीत राहिली आणि वही माझ्यापुढे सरकवली. माझा चष्मा नेमका स्टेशनवरच्या सामानात. पानावर नुसत्या मुंग्या दिसत होत्या. तसं सांगितल्यावर तिने कपाळाला हात लावला. एकीला बोलता येत नाही, दुसरीला वाचता येत नाही, आणि हातातल्या साडेचार तासांतले दोन टॅक्सीतच जायचे.

मग तिने पेन्सिल उलटी धरली आणि पलंगाच्या लाकडावर दोनदा वाजवली. टक टक. लिहिलं, पुढे.

मी बोलत सुटले. भावाचं दुखणं, भाच्याचा शहाणपणा, माझे गुडघे. ती वाजवत होती. बोलता बोलता माझा कधी डोळा लागला ते कळलंच नाही. जाग आली ती कानाजवळच्या टकटकीने. अंगावर पांघरूण होतं आणि घड्याळात पावणेतीन. निघताना तिने वहीतलं पान फाडून माझ्या पर्समध्ये कोंबलं. मनोरा मला टॅक्सीतून दिसला, नुसता शेंडा.

गाडी सुटल्यावर चष्मा शोधला आणि पान उघडलं.

"तुमच्याकडे माझा फक्त आवाज होता. तोच गेला. मग फोनवर मी कोण म्हणून येऊ? सुनेला खोटं बोलायला मीच लावलं. तिच्यावर राग धरू नका."

सगळं अंग ठणकत होतं, तरी पाचपर्यंत मी जागी राहिले. बरोबर पाचला नंबर लावला. पलीकडे कुणीतरी उचलला आणि शांतता.

"शाखा बोलतेय," मी म्हटलं. "उद्यापासून रोज पाचला फोन करणार आहे. घ्याल ना?"

एकदाच टक झालं. मी पुन्हा सांगितलं. पुन्हा एकदाच. गाडीच्या खडखडाटात ऐकू येत नसेल म्हणून तिसऱ्यांदा ओरडून सांगितलं, तर समोरच्या बाकावरचा माणूस दचकून उठला.

मग दोनदा वाजलं.