माझ्या पोटातून गेलेलं नाव

मित्रांनो, कुलूप म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे लोखंडी कडी आणि किल्ली येते. मी तसलं कुलूप नाही. काडेपेटीएवढं, करड्या प्लॅस्टिकचं, आता जुनं झालेलं असं एक कुलूप मी आहे. माझ्या एका तोंडाला पिना आहेत, दुसऱ्या तोंडाला भोकं. परभणीच्या एका कॉलेजात, कार्यालयातल्या संगणकाच्या पाठीला मी चिकटलेलो आहे. समोरून मी कुणाला दिसत नाही. माझी ओळख व्हायला संगणक फिरवून पाहावा लागतो, आणि एवढी उठाठेव कोण करतो?

माझा जन्म पुण्याचा. तिथल्या एका कंपनीने दाखले छापायचा प्रोग्राम लिहिला. तो कुणी परस्पर उतरवून घेऊ नये म्हणून तिने मला बनवून घेतलं. त्यात वाईट काही नव्हतं. प्रोग्राम लिहिणाऱ्यांनाही पोट असतंच. प्रोग्राम सुरू होताना मला हाक मारायचा, मी माझ्या पोटातला गुप्त आकडा सांगून "आहे" म्हणायचो, मगच तो कामाला लागायचा. मला उपसून काढलं की तो मुका. शिवाय छपाईयंत्राची जाड वायर माझ्यातूनच जायची. म्हणजे कागदावर उमटणारं प्रत्येक अक्षर आधी माझ्या पोटातून जायचं. या गोष्टीची मला फार घमेंड होती.

नव्वद साली मी परभणीला आलो. प्राचार्य तात्यारावांनी नारळ फोडला. टायपिस्ट धुरपताबाईंनी संगणकाला कुंकू लावलं, मग मागे वाकून एक बोट मलाही लावलं. "कुलूप हाय म्हनं," त्या पुटपुटल्या, "ह्याचाबी मान हाय." संगणकाच्या निम्म्या किमतीचा प्रोग्राम होता, पण पहिल्याच दिवशी तो सुरळीत चालला. कुणाला काही शिकावं लागलं नाही. अडलं की कंपनीचे एजंट व्यंकटराव यायचे, चहा प्यायचे आणि दोन बटणं दाबून जायचे. दाखल्यासाठी चार-चार दिवस खिडकीशी बसणारी पोरं आता तासाभरात कागद घेऊन जायची. तात्याराव इतके खूश झाले, की त्यांनी जुना टाइपरायटर त्याच महिन्यात भंगारात घातला. धुरपताबाईंनी तो जाताना पदराने पुसला. मला तेव्हा त्यांचं हसू आलं होतं.

मग चौऱ्याण्णवचा जानेवारी उजाडला. संक्रांतीच्या दिवशी विद्यापीठाला नवं नाव मिळालं. स्टेशनकडच्या वस्तीत लोक एकमेकांच्या गळ्यात पडून रडले. चौकात मात्र पोलिसांची गाडी उभी होती, आणि कॉलेजात माणसं हळू आवाजात बोलत होती. सोळा वर्षं या एका नावासाठी भांडण चाललं होतं. मला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. मला फक्त माझा आकडा ठाऊक होता.

आठवड्याभराने सूर्यभान खिडकीशी आले. स्टेशनवर हमाली करणारा माणूस. शेजारी त्यांची मुलगी सगुणा. ती बी. एस्सी. झाली होती आणि पुढच्या सोमवारी बियाण्यांच्या प्रयोगशाळेत तिची मुलाखत होती. पास झाल्याचा दाखला हवा होता. धुरपताबाईंनी बटण दाबलं, मी "आहे" म्हणालो, दाखला सरसर बाहेर आला.

सूर्यभानांनी तो दोन्ही हातांनी धरला, वरची ओळ वाचली आणि खिडकीतून परत आत सरकवला.

"बाई, ह्याच्यावर नाव जुनंच हाय."

"दादा, मशीनमधी तेच बसवून दिलेलं हाय. मला बदलता येत न्हाई."

"मशीन लिहीत न्हाई, का तुमी लिहू देत न्हाई?"

धुरपताबाईंचा हात बटणावरच राहिला. बावीस वर्षांच्या नोकरीत त्यांना असं कुणी बोललं नव्हतं. त्यांनी घाईघाईने कागदाची एक पट्टी कापली. "असं करते, ह्याच्यावर नवं नाव लिहून डकवते. वरून शिक्का मारते."

"अठ्ठ्याहत्तर साली ह्या नावापायी आमचं घर जाळलं," सूर्यभान म्हणाले. आवाज मुळीच चढला नव्हता. "ही पोरगी पाच वर्षांची होती. गोधडीत गुंडाळून बाहेर काढली तिला. आन् आता नाव मिळालं, तर ते डिंकानं डकवायचं?"

"आबा, सोमवारी हाय मुलाखत," सगुणा म्हणाली. "राहू द्या आता. मी नेते असाच."

"ने की. मी कोन अडवनार? पन मला दाखवू नगस."

सगुणाने दाखल्याला हात लावला नाही. तो दिवसभर खिडकीत पडून होता. वाऱ्याने उडू नये म्हणून धुरपताबाईंनी त्यावर पेपरवेट ठेवला.

तात्यारावांनी व्यंकटरावांना फोन लावला.

"नाव बदललं म्हणजे प्रोग्रामही नवा घ्यावा लागेल, सर. नवं कुलूपही लागेल. दोन महिने धरून चला."

"अहो, एकच तर ओळ बदलायची आहे!"

"ओळ एकच आहे, सर. पण ती आमची आहे."

नव्या प्रोग्रामची किंमत ऐकून तात्यारावांनी फोन ठेवला. प्रोग्रामच्या आतली ती ओळ धुरपताबाईंना उघडून बघताही येत नव्हती. टाइपरायटर भंगारात गेला होता. राहिलो मी, पोटात आकडा घेऊन, राखणीला.

धुरपताबाईंना शेवटी भुजंगराव आठवले. ते एका वसतिगृहाचे कारकून. रिकाम्या वेळात शिकून त्यांनी स्वतः एक दाखल्याचा प्रोग्राम लिहिला होता आणि मागेल त्याला ते तो लांबलचक कागदावर छापून द्यायचे. अट एकच. घेणाऱ्याने जे बदललं ते समासात लिहायचं, खाली आपलं नाव घालायचं आणि एक प्रत भुजंगरावांना परत पाठवायची. धुरपताबाईंनी आणलेल्या कागदाच्या समासात वालूरच्या सोसायटीच्या गटसचिवाची शाई होती, येलदरीच्या एका मास्तरांची होती. एकाने तर लिहिलं होतं, "इथं मी चुकलो होतो, तुम्ही चुकू नका."

तो कागद टेबलावर उलगडला, तेव्हा मला प्रथमच उघडं पडल्यासारखं वाटलं. त्यात लपवलेलं काहीच नव्हतं.

पण मित्रांनो, फुकट म्हणजे सोपं नव्हे. धुरपताबाई एकेक ओळ बोटाने धरून पाच दिवस टाइप करत राहिल्या. एक टिंब चुकलं की सगळं अडायचं. व्यंकटरावांसारखं धावून येणारं कुणी नव्हतं. नव्या नावाच्या दाखल्यासाठी थांबलेल्या तीस पोरांची माहिती माझ्यामागे बंद होती. ती नव्या प्रोग्रामच्या हाती द्यायला जुना तयार नव्हता, म्हणून त्यांनी प्रवेशाच्या जाड वह्या काढून सगळी पुन्हा भरली. डोळे चोळून चोळून लाल झाले होते. "एकट्या सगुणाचा हातानेच लिहून द्या की," तात्याराव म्हणाले. "न्हाई सर," त्या म्हणाल्या, "सगळ्यांचे एकाच मशीनमधून, एकासारखे एक निघतील. तिला हातचा आन् बाकीच्यांना मशीनचा, असं मला करायचं न्हाई."

शनिवारी दुपारी त्यांनी सूर्यभान आणि सगुणाला बोलावणं धाडलं. नवा प्रोग्राम सुरू झाला. मी हाकेची वाट पाहत राहिलो. त्याने मला हाक मारलीच नाही.

पण वायर अजून माझ्यातूनच गेली होती. ती काढायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. आणि मग ते नाव आलं. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. एकेक अक्षर माझ्या पोटातून पुढे गेलं आणि कागदावर ठक्‌ ठक्‌ उमटलं. केवढं लांब नाव ते! मला वाटलं, संपतच नाही.

सूर्यभानांनी दाखला घेतला. वरची ओळ वाचताना त्यांचे ओठ हलत होते. मग नजर खाली गेली आणि कपाळाला आठ्या पडल्या.

"बाई, ह्ये काय? 'एक बादली व एक सतरंजी परत केली आहे.' आमच्या पोरीनं बादली नेलीच कवा?"

धुरपताबाईंनी कपाळावर हात मारला. प्रोग्राम वसतिगृहाचा! शेवटची ओळ काढायची राहून गेली होती. सगुणाने तोंडाला ओढणी लावली. मग सूर्यभानांचेही खांदे हलू लागले. "सोळा वर्षांनी नाव दिलं, बाई, आन् वरून बादलीचा हिशोब!" ते डोळे पुसत म्हणाले. ते डोळे हसण्यानेच ओले झाले होते का, ते मला मागून दिसलं नाही.

"थांबा, दादा. ही ओळ माझी हाय आता," धुरपताबाई म्हणाल्या. पाच मिनिटांत बादली गेली, सतरंजी गेली. दुसरा दाखला घेऊन सगुणा निघाली. सूर्यभान मात्र घुटमळले. "बाई, त्या दिवशी मी बोललो..."

"बरं केलं बोललात," त्या म्हणाल्या. "मी तरी कुठं विचारलं हुतं, आपल्या कागदावरची ओळ कुनाच्या मालकीची हाय म्हनून?"

त्यांनी समासात लिहिलं, "बादली काढली. धुरपताबाई."

सगुणाला ती नोकरी मिळाली, असं नंतर कानावर आलं. पण त्या चार वर्षांतल्या पोरांची माहिती अजून माझ्यामागे कोंडलेलीच आहे. कुणी जुना दाखला मागायला आलं की धुरपताबाई वही काढतात आणि पहिल्यापासून लिहितात. मित्रांनो, तुम्ही उद्या कार्यालयं चालवाल. वस्तू महाग घ्या की फुकट घ्या, किंमत दोन्हीकडे द्यावी लागते. पण घेण्याआधी एकदा तिच्या पाठीमागे वाकून बघा. तिथे माझ्यासारखं कुणी बसलेलं असेल, तर त्याची किल्ली कुणाच्या खिशात आहे, ते विचारा.

मी अजून तिथेच आहे. कुंकवाचा तो ठिपका कधीच पुसून गेला. दर दाखल्याबरोबर ते लांब नाव माझ्या पोटातून जातं, आणि मला कुणी काही विचारत नाही. तेच बरं आहे. त्या शनिवारी मला विचारलं असतं, तर मी "नाही" म्हणून ते नाव अडवलं असतं, हे मला ठाऊक आहे. मला बनवलंच तसं होतं.