वाळूतला काटेवाला

भांडण झालं ते चाळीस पावलांवरून. गुडघाभर पाण्यात ओढलेल्या जाळ्यात काटेवाला आला की तो चिमट्यात धरून चाळीस पावलांवरच्या किनाऱ्यावर न्यायचा आणि कोरड्या वाळूत पुरायचा, हा आमच्याकडचा नेम. मासा बोटभर, रंगाने थेट वाळूसारखा. उथळ पाण्यात तळाशी अंग पुरून बसतो. पाठीवरचा काटा पायात गेला की भलाभला माणूस गडाबडा लोळतो.

"जा, पुरून ये," थोरल्या जाऊबाई म्हणाल्या.

"दर वेळी मीच का? तुमचे पाय काय भाड्याने आणलेत?"

"तोंड चालवण्यापेक्षा पाय चालव."

सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, टोपली धरून फिदीफिदी हसल्या. माझं डोकंच फिरलं. तणतणत दहा पावलं गेले. मागे पाहिलं तर दोघी जाळ्यावर वाकलेल्या. तिथेच चिमटा सैल केला. मासा पाण्यात पडला आणि दिसेनासा झाला. थोडा वेळ काढून मी साळसूदपणे परत आले.

घटकाभरात जाऊबाई किंचाळल्या.

आम्ही दोघींनी धरून त्यांना घरी आणलं. पाय टम्म सुजला होता. "पाय घासत चाल, म्हणजे तो पळतो, किती वेळा सांगितलं!" आत्याबाई करवादल्या. "धाकटीकडून शीक जरा!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या विषाला उपाय एकच, सोसेल तितकं कढत पाणी. मी बादलीत ओतत राहिले, जाऊबाई ओठ चावत बसल्या. आत्याबाई सरपण आणायला गेल्या तसा माझा धीर सुटला.

"जाऊबाई, तो मासा मीच..."

"माहीत आहे. सोडताना बघितलं मी."

"मग तिकडे गेलात कशाला?"

"आत्याबाई टोपली घेऊन नेमक्या तिकडेच निघाल्या होत्या. थांबवलं असतं तर का म्हणून विचारलं असतं, मग तुझी काही धडगत नव्हती. म्हटलं, आपणच पुढे होऊन पाय घासत हुसकावू. तर मेला हललाच नाही."

मला रडू फुटलं. ही बाई माझ्यावर डूख धरून आहे, असं मी आठ वर्षं समजत होते.

"रडतेस काय? पाणी निवलं बघ. आणि आत्याबाईंना सांगत बसू नकोस. त्यांचा जीव आहे तुझ्यावर."

मी नाही सांगितलं. आत्याबाई अजून चारचौघींत माझ्या चालण्याचं कौतुक करतात, आणि जाऊबाई मान डोलावून हो म्हणतात.